सोडायची आहे

फोनच्या रांगेत पेंग्याच्या पुढे आता एकच माणूस उरला होता, आणि तो बायकोशी गळक्या नळावरून भांडत होता. घरापासून इतक्या लांब खंदकात राहणाऱ्या माणसानं नळावरून भांडावं, याचं कुणालाच हसू आलं नाही. उलट सगळी रांग कान टवकारून ऐकत होती. नळ असलेलं घर कसं असतं, हे त्यांना आठवून पाहावं लागत होतं.

पेंग्या हे नाव हवालदारानं ठेवलेलं. एकदा हजेरीच्या वेळी उभ्या उभ्या त्याला पेंग आली आणि तो पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकून चक्क घोरला, तेव्हापासूनचं. खरं म्हणजे त्या ठाण्यावर झोप कुणाचीच होत नव्हती. पलीकडचे लोक तोफा डागायचे त्या नेमक्या जेवणाच्या वेळी, आणि एरवी मनात येईल तेव्हा. मोजे वाळत नसत. डब्यातलं जेवण गार असे आणि त्यात वाळू असे. पोती भरायची, ती फुटायची, मग तीच वाळू गोळा करून पुन्हा भरायची. वरच्या खाटेवरचा माणूस गेला त्याला बरेच दिवस झाले होते, पण त्याचे बूट अजून खाटेखालीच होते, कारण ते कुणाच्या पायात बसत नव्हते.

अशा जागी राहून पेंग्याचं मन एका दुकानात जाऊन बसलं होतं. मेहुण्याच्या गाद्या-उशांच्या दुकानात. गेल्या सुट्टीत मेहुण्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भावजी, सोडा ती पलटण आणि या माझ्याकडे. गिऱ्हाईक आलं की गादीवर बसून दाखवायचं, किती मऊ आहे ते. बस्स. ताईला मात्र तुम्हीच सांगा. फौजीची बायको म्हणून तिचा केवढा तोरा असतो! मी सांगितलं तर माझं टाळकं फोडेल."

करार याच महिन्यात संपत होता. मेहुणा थांबायला तयार होता, पण साडू टपूनच बसला होता. महिनाअखेरपर्यंत होकार गेला नाही तर त्या गादीवर साडू बसणार, हे ठरलेलं. म्हणून आजच्या फोनवर काय ते बोलून टाकायचं, असं पेंग्यानं पक्कं केलं होतं.

फोन एका लाकडी खोलीत होता. पातळ फळ्यांच्या पलीकडे कानाला यंत्र लावून एकजण बसे. त्याला सगळे कात्री म्हणत. जागा, हवा, वाटा, माणसं, दारूगोळा, पलटण, यांतलं काही कानावर आलं की तो बटण दाबी. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्या वेळापुरतं 'कुईं' ऐकू येई. कात्री माणूस वाईट नव्हता. पण संशय आला तर आधी दाबायचं आणि मग विचार करायचा, असा त्याला हुकूम होता, आणि त्यातला पहिला भाग तो चोख पाळत असे.

"हॅलो, अगं मी बोलतोय."

"अहो! कसे आहात? जेवलात का?"

"जेवलो. तू कशी आहेस?"

"माझं काय, मी इथं एकटी कुईं लढवतेय."

खिंड. पेंग्यानं मनातल्या मनात गाळलेली जागा भरली. खिंड म्हणजे वाट, असा कात्रीनं हिशेब केला असणार. पेंग्याची बायको तशी सालस बाई, पण तिचं बोलणं सुरू झालं की एखाद्या सेनापतीनं ऐकत बसावं.

"शेजारीण भांडायला आली होती. मी काही कुईं घेतली नाही. पण आईंनी तिचीच बाजू घेतली! म्हणजे घरातूनच कुईं लावला. शेवटी मीच कुईं टाकली."

माघार, सुरुंग आणि शस्त्रं, एवढं पेंग्यानं ओळखलं. "आईचे गुडघे कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"तसेच. आणि गोळ्या संपत आल्यात."

फळीपलीकडे काहीतरी धाडकन आपटलं. कात्री बटण सोडून पेन शोधत होता.

"इतक्यात?" पेंग्या म्हणाला. "भरपूर होत्या ना?"

"कुठल्या भरपूर! फार तर आठवडाभर पुरतील."

वेळ संपत आली होती. पेंग्यानं खोल श्वास घेतला आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "ऐक, रागावू नकोस. मला पलटण सोडायची आहे. फार दिवस मनात होतं. हिच्यापायी माझी उमेदीची वर्षं गेली. पहाटेपासून हिची कटकट, डोळ्याला डोळा नाही. आता नाही सहन होत. तुझ्या भावाशी बोललोय मी. त्यानंच सुचवलं. मला गादीवर बसवायला तो तयार आहे. तू फक्त त्याला हो म्हणून सांग."

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ठरलंय तुमचं?"

"पक्कं."

"माझं काही चुकलं का हो?"

"तुझं कशाला चुकेल? चूक माझीच. आधीच सोडायला हवी होती."

"बरं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तुमचं सुख त्यातच असेल तर बरं."

फोन बंद झाला. पेंग्या तरंगतच बाहेर आला. एवढी समजूतदार बायको आपल्या नशिबी आली आणि आपण उगीच तिला घाबरत होतो, असं त्याला वाटलं. पुढचे दोन दिवस तो पोती भरताना वरून हात फिरवून त्यांना उशीसारखा आकार देत होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांसमोर कात्रीच्या अक्षरातला कागद होता आणि शेजारी हवालदार उभा होता.

"तुझा मेहुणा कोण?"

"गादीवाला, साहेब."

"तो तुला गादीवर बसवणार आहे म्हणे. कुणाला उठवून?"

"साडूला, साहेब."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं मान हलवली. साडू नावाचा कुणी बडा अधिकारी त्याच्या माहितीत नव्हता.

"कापसाच्या गाद्या, साहेब," पेंग्या घाईघाईनं म्हणाला. "दुकान आहे त्याचं. उशासुद्धा असतात."

"बरं, गाद्या राहू देत. आपल्या गोळ्या आठवडाभरच पुरतील, हे तुझ्या बायकोला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी, साहेब."

"डॉक्टरांनी?"

"आईच्या गुडघ्याच्या गोळ्या त्या. सकाळ-संध्याकाळ एकेक."

हवालदार छताकडे पाहू लागला. साहेब कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. तेवढ्यात पेंग्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं.

"म्हणजे साहेब, आपल्यापण आठवडाभरच...?"

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात, साहेब."

साहेबांनी कपाळ चोळलं. "तुझा करार कधी संपतो?"

"याच महिन्यात, साहेब. पुढे करायचा नाहीये."

"करायचा आहे. गोळ्या संपत आल्यात हे माहीत असलेला माणूस मी बाहेर सोडू?"

"पण मला माहीतच नव्हतं, साहेब! आत्ता तुम्हीच सांगितलंत!"

"म्हणूनच. आता माहीत झालं ना?" साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. तेही बरेच दिवस झोपले नसावेत. "नवा माल येईपर्यंत इथून कुणी हलणार नाही."

"कधी येईल, साहेब?"

"ते सांगितलं तर तुला आणखी एक गोष्ट माहीत होईल."

पेंग्यानं सही केली. का केली ते कुणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही, अशी तंबी घेऊन तो बाहेर आला. त्याला रडू येत होतं, पण समोरून ढापण्या आला. ढापण्या आणि पेंग्या, दोघांच्या घरांची भिंत एकच. ढापण्या नुकताच फोन करून येत होता आणि चष्म्याआडचे त्याचे डोळे विस्फारले होते.

"काय रे पेंग्या, बायकोला सोडतोयस?"

"कोण म्हणतं?"

"तूच! तुझी बायको माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. 'मला सोडायची आहे' म्हणालास तू. हिच्यापायी वर्षं गेली, हिची कटकट, सहन होत नाही. आणि वर, तिच्या भावानंच सुचवलं!"

पेंग्या मटकन पोत्यावर बसला. कात्रीनं पलटण कापली होती, गादी कापली होती, आणि 'ही' मात्र इमानेइतबारे पोचवली होती.

"तिचा भाऊ तरी सांगेल ना खरं काय ते!"

"त्याला तिनं उंबऱ्याबाहेरच उभं केलं. तोंड उघडू दिलं नाही. तो चिडून गेला आणि साडूला दुकानात घेतलं त्यानं."

संध्याकाळपर्यंत ठाणंभर झालं. स्वयंपाक्यानं पेंग्याला जेवण वाढताना तोंड फिरवलं, कारण त्याची स्वतःची बायको त्याला सोडून गेली होती. हवालदारानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "दुसरी कुठली आहे रे?" पेंग्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

फोनसाठी पेंग्याची पाळी यायला अजून अवकाश होता. पण त्या आठवड्यात जेवणाच्या वेळी एक तोफगोळा नेमका भांडी धुण्याच्या जागी पडला, आणि रांगेत पेंग्याच्या पुढचे दोघे राहिले नाहीत. त्यांतला एक नळावरून भांडणारा होता. दुपारी रांग लागली. सगळे मुकाट्यानं पुढे सरकले.

आत जाण्याआधी पेंग्यानं फळीवर टकटक केलं. "नोकरी म्हटलं तर चालेल?"

"चालेल," कात्री आतून म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "माफ कर रे बाबा."

"हॅलो. अगं मी बोलतोय."

"ऐकतेय." आवाज रडून रडून बसलेला.

पेंग्यानं सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. अगं, मी नोकरी सोडायची म्हणत होतो, तुला नाही. वाक्य सरळ होतं. पण ते ओठांवर आलं आणि पुढचं त्याला स्वच्छ दिसलं. ती विचारणार, मग घरी कधी येताय? येत नाही. का येत नाही? आणि तिथं त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. होतं, पण ते फळीपलीकडे कापलं गेलं असतं.

"ते मी सोडायचं म्हणालो होतो ना," तो म्हणाला.

"हं."

"आता नाही सोडत."

"नाही सोडत?"

"नाही."

"नक्की? की पुन्हा फिरवाल?"

"सही करून दिलीय."

"सही?"

"साहेबांसमोर."

"अगं बाई! साहेबांसमोर लिहून दिलंत? माझ्यासाठी?" ती एकदम हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि फोन तसाच धरून ओरडली, "आई! अहो आई! सोडत नाहीत ते! लिहून दिलंय!"

पेंग्यानं भिंतीला डोकं टेकलं. गेल्या वर्षभरात ती इतकी खूश झाल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी आपण सांगितली, आणि तिकडे घरात आनंदीआनंद झालाय. तो तिच्याकडून काढून घ्यायची त्याला छाती झाली नाही. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, आणि त्याच्यापाशी तिला द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली.

"नाही सोडत."

"कधीच नाही ना?"

"कधीच नाही."

"मरेपर्यंत?"

दूर कुठेतरी धप्प झालं आणि छतातून थोडी माती फोनवर पडली. पेंग्यानं ती फुंकून उडवली.

"मरेपर्यंत," तो म्हणाला.

फळीपलीकडे कात्रीचा हात बटणावर गेला आणि तसाच राहिला. तिकडे बायको अजून हसत होती.