बसाप्पांचा काढा

"पावणं, आधी थुका, मग बसा!"

बसाप्पांच्या घरात असं स्वागत व्हायचं. हातात स्टीलचा ग्लास द्यायचा आणि तोंडाकडं टक लावून बघायचं. पोस्टमन थुकला, गॅसवाला थुकला. पुतणीला बघायला मलकापूरहून पाहुणे आले, तर नवरदेवाच्या बापापुढंही ग्लास धरला! तरी सोयरीक जुळली, ती केवळ मुलगी देखणी म्हणून.

दोष माझाच. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो आणि यांच्या शेजारी राहायचो. लक्ष्मीपुरीत त्यांचं काष्ठौषधींचं दुकान. एकदा बोलता बोलता मी सांगून बसलो, की लाळेतलं एक एन्झाईम भाताची साखर करतं आणि काही झाडपाल्यातली द्रव्यं त्याला अडवतात. वर पेजेत आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. पिष्ट शिल्लक असलं तर निळं होतं, साखर झाली असली तर नाही. झालं! बसाप्पांनी एन्झाईमचं नाव 'कात्री' ठेवलं आणि दुकान पुतण्याच्या गळ्यात घातलं.

"मास्तर, कात्रीला गंज चढला पायजे! झाडपाल्यात हाय की त्यो!"

मग रोज पेरूची पानं, दालचिनी, जांभळाची बी उकळायची आणि मिळेल त्याच्या थुंकीवर काढा तपासायचा. एका काढ्यानं माझी जीभ दोन दिवस चामड्यासारखी झाली, तर बसाप्पा खूश.

हा खटाटोप कशासाठी, ते गल्लीला ठाऊक होतं. त्यांची बायको गौराक्का राधानगरीकडची, भातावर वाढलेली. साखरेच्या आजारात डॉक्टरांनी भात बंद केला, त्याला सहा वर्षं झाली होती.

एका दुपारी आरोळी आली, "मास्तर, गावला!" धावत गेलो. लाळ, पेज, काढा, सगळं एकत्र करून दहा मिनिटं ठेवलेला ग्लास आयोडीननं निळाशार झाला होता. आंबेमोहोराचा वास सुटला होता आणि गौराक्का ताटावर बसल्या होत्या.

"काढा गार करून घातलासा न्हवं?" मी विचारलं.

"गार? च्या गार कोन पितंय व्हय? उकळता वतला की!"

कात्री गंजली नव्हती, चटक्यानं शिजली होती. नुसतं उकळतं पाणी ओतलं असतं तरी ग्लास निळाच झाला असता. सांगणं भाग होतं. "पोटात जाईपर्यंत काढा कोमट होतो, बसाप्पा. तिथली कात्री शाबूत राहते. आक्कांना भात देऊ नका."

बसाप्पा आक्कांच्या ताटासमोर येऊन बसले. गौराक्कांनीच ताट त्यांच्याकडं सरकवलं.

"तुमी तरी खावा. सहा वर्सं पित्ताचं नाव सांगून भाताला शिवला न्हाईसा. तुमास्नी कवा हुतं पित्त?"

बसाप्पांनी ताट परत सरकवलं. म्हणाले, "तुला सोडून घास उतरत न्हाय, गौरे."

गौराक्कांनी डोळ्याला पदर लावला, ताटातला भात पातेल्यात ओतला आणि एकाच ताटात दोघांची भाकरी वाढली. "मास्तर, ह्यो भात तुमी न्या. हितं ऱ्हायला तर ह्यांचा जीव तुटंल."

मी गरम पातेलं घेऊन घरी आलो, ताट वाढून घेतलं. एकही घास माझ्याच्यानं खाववला नाही.