दुसऱ्यांदा लागलेला बिब्बा

पंच्याहत्तरीच्या समारंभाला दोन दिवस राहिले असताना केशवरावांनी थोरल्या बहिणीला, प्रमोदिनीअक्कांना, एक अट घातली. भाषणात काय वाटेल ते बोल, पण आईची आणि काट्याची गोष्ट सांगायची नाही.

गोष्ट एवढीशीच होती. केशव तीन वर्षांचा असताना त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आईनं त्याला मांडीवर घेऊन काटा काढला आणि वर बिब्बा लावला. त्याच साली आई गेली. घरात तिचा एक फोटोही नव्हता. अक्कांकडे तेवढी गोष्ट होती आणि ती त्यांनी घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत सांगितली होती. केशवरावांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. थर्मामीटर लावल्याशिवाय ते स्वतःच्या तापावरही विश्वास ठेवत नसत. आईचं आपल्याला काहीच आठवत नाही, हे दुखणं त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. अक्का आपली समजूत काढायला हे रचून सांगते, अशी त्यांना शंका होती आणि ती जास्त दुखायची.

"नाही सांगत," अक्का म्हणाल्या. "पण तू लंगडतोस कशानं?"

"टाचेला भेगा पडल्यात."

"मग टाच इकडं कर."

अक्का गंगापूरहून एसटीनं यायच्या तेव्हा त्यांच्या पिशवीतून काय निघेल याचा नेम नसे. या खेपेला बिब्बे निघाले. "बाबा, डॉक्टरांना विचारायचं का आधी?" सून सावनी म्हणाली. पण सौदा ठरला होता, अक्कांनी गप्प राहायचं आणि केशवरावांनी टाच द्यायची. अक्कांनी सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल भेगांत भरलं.

"माझ्या अंगाला बिब्बा पहिल्यांदाच लागतोय, सांगून ठेवतो," केशवराव म्हणाले.

"दुसऱ्यांदा," अक्का बोलून गेल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टाच खाजायला लागली. "खाजतंय म्हणजे लई गुण येतोय," असं अक्कांचं मत पडलं. संध्याकाळी पाऊल सुजलं, तेव्हा त्यांनी खोबरं चावून चोळलं आणि मत बदललं नाही. रात्रीतून पुरळ पाठीवर आणि मानेवर गेलं. समारंभाच्या सकाळी केशवरावांचे डोळे जेमतेम उघडत होते, ओठ जाड झाले होते आणि नवे बूट कोपऱ्यात पडून होते. मांडववाल्यानं फ्लेक्सवरचा फोटो बघितला, खुर्चीतल्या माणसाकडं बघितलं आणि सावनीला हळूच विचारलं, "सत्कारमूर्ती यायचेत का अजून?"

तेवढ्यात डॉक्टर तनुजा आली. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता शहरात त्वचेचा दवाखाना चालवणारी. तिनं पुष्पगुच्छ बाजूला ठेवला, श्वासाला त्रास नाही ना ते आधी पाहिलं आणि मग पाय हातात घेतला.

"सर, बिब्बा उतलाय. चांगलीच ॲलर्जी आहे."

"ॲलर्जी कसली? बिब्ब्याचं तेल कुणालाही भाजतं."

"मग टाचेपुरतं भाजलं असतं. पाठीला तेल कुणी लावलं?"

केशवरावांनी हात मागं नेऊन मान चाचपली.

"तुम्हीच शिकवलंय सर. परकी गोष्ट पहिल्यांदा अंगाला लागते तेव्हा शरीर काय करतं?"

प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही शिक्षकाची खोड. सुजलेल्या ओठांनी ते वर्गात सांगत तसं सांगू लागले. "पहिल्या भेटीत पांढऱ्या पेशी नुसती ओळख करून घेतात. वरून बहुतेक काही दिसत नाही. त्यांतल्या काही पेशी ती ओळख जपून ठेवतात, वर्षानुवर्षं. मग तीच गोष्ट परत आली, की शत्रू समजून एक-दोन दिवसांत सगळी फौज..."

ते थांबले. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. शब्द दिला होता, तो पाळत होत्या.

"म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं," केशवराव हळू आवाजात म्हणाले.

तनुजाला काटेकोरपणा सरांनीच लावला होता. "पण नक्की बिब्बाच, असं नाही म्हणता येत सर. आंब्याच्या चिकानंसुद्धा ही ओळख होऊ शकते."

"तनुजा, या धड्यात तू नापास झाली होतीस."

"मी वर्गात पहिली आले होते, सर."

"मग तपासण्यात माझी चूक झाली असेल. खाली बस."

तिनं पर्समधून गोळी काढली. "ही आत्ता घेतलीत तर संध्याकाळपर्यंत सूज थोडी कमी होईल."

"कार्यक्रम झाल्यावर घेतो."

"एवढी खाज कशाला सोसताय?"

"सोसतो," केशवराव म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते, पण त्या सुजेत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रमात ते एका पायात बूट घालून बसले. अक्का माईकसमोर जाऊन तब्येतीला जपायला सांगून परत निघाल्या, तेव्हा केशवरावांनीच हाक मारली. "अक्का, काट्याची गोष्ट राहिली."

"शब्द दिलाय मी."

"मी तो सोडला. सांग. सावकाश सांग."

अर्ध्या मांडवाला गोष्ट तोंडपाठ होती. केशवरावांनी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. आईनं डावी टाच धरली होती की उजवी, हेही मधेच विचारून घेतलं. अक्का म्हणाल्या, उजवी. सुजलेलीही उजवीच होती.

शेवटी फोटोग्राफर घुटमळत पुढं आला. "सर, चेहऱ्याचा फोटो पुढच्या आठवड्यात घेऊ का?"

"चेहऱ्याचं राहू दे." केशवरावांनी सुजलेला पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. "आधी हा काढ. जवळून."

"टाचेचा? कशाला बाबा?" सावनीनं विचारलं.

"घरात आईचा फोटो नाही," केशवराव म्हणाले.