विमलताईंचं वजन

पेशंटला वजनकाट्यावर चढवण्याआधी विमलताई स्वतः त्यावर चढायच्या. काटा थरथरत थांबला की सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आकडा वाचायच्या, "शंभरावर चार! चला, आता तुमचं बघू." समोरचा माणूस हसायचा आणि हसता हसता काट्यावर चढायचा.

संभाजीनगरातल्या त्या दवाखान्यात मी नवी नर्स होते, ताई सगळ्यांत जुन्या. दोन खाटांमधून त्यांना आडवं होऊन जावं लागे, पण सुई अशी टोचत की पेशंट विचारी, "कवा देणार?"

"दिली की!"

एकदा खुलताबादहून शकुंतलाबाई आल्या. ताईंपेक्षाही जाड. पोटाच्या घडीखाली जखम चिघळलेली; लाजेपायी महिनाभर कुणाला दाखवली नव्हती. त्यांची कूस बदलायला आम्ही चौघी लागायचो. पडद्याबाहेर मी पुटपुटले, "खाताना कळत नाय का यांना?"

ताईंनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. माझ्या हातात कोमट पाण्याचं भांडं देऊन मला आत घेऊन गेल्या. ती घडी अलगद उचलून पुसता पुसता शकुंतलाबाईंना म्हणाल्या, "वजन हाय, गुन्हा नाय, अक्का. मलाबी हितंच घाम साचतो. उन्हाळ्यात लई हैराण होते बघा."

तोवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या शकुंतलाबाई पहिल्यांदा वळल्या. "तुमालाबी?"

मी थक्क होऊन बघत होते. दोन किलो वाढले तरी आरसा टाळणारी मी. आणि ही बाई आपलं शरीर परक्या बाईच्या धीरासाठी असं उघडं करून सांगत होती. तीन आठवडे रोज ताईंनीच जखम पुसली. जखम भरली.

घरी जायच्या दिवशी शकुंतलाबाई म्हणाल्या, "सिस्टर, आपल्या दोघींचा फोटो काढू."

ताई झटकन मागं सरल्या. "माझा नको. तुमचा काढते की छान."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, वॉर्डातले सगळे फोटो ताईच काढायच्या. एकातही त्या नव्हत्या.

शकुंतलाबाईंनी त्यांचा हात सोडला नाही. "या हो. माझ्याजवळ उभ्या राहिलात तर तुमी जरा बारीक दिसाल."

वॉर्ड हसला. ताईही हसल्या, पोटासमोर फाईल धरून उभ्या राहिल्या. मी माझ्या मोबाइलवर फोटो काढला.

नंतर ताईंनी मोबाइल मागून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बघत राहिल्या. मला वाटलं, आता पुसून टाकतील.

"लई वाईट नाय ना दिसत गं मी?"

"नाय, ताई."

"मग माझ्या बहिणीला पाठव," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं माझा एकबी नाय."