दोनशे चौदा गोष्टी

काराकोल शहरात झामिरबेक या निवृत्त शिक्षकांच्या घरी दुपारी एकच्या सुमारास वीस नातेवाईक टीव्हीकडे तोंड करून बसले होते. कोरियात राहणारी त्यांची मुलगी सालकिन हिच्या पहिल्या बाळाला आज पाळण्यात घालायचं होतं. तो सोहळा सगळ्यांना मोठा दिसावा म्हणून झामिरबेकनी आपला संगणक टीव्हीला जोडला होता.

व्हिडिओवर बोलायचं ॲप तेवढं बसवायचं राहिलं होतं. ते बाहेरच्या एका कंपनीचं होतं. झामिरबेकनी संगणकावर ॲप बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे पॅकेज मॅनेजरला त्या कंपनीचा पत्ता दिला आणि 'बसव' असा एका ओळीचा हुकूम सोडला.

पॅकेज मॅनेजरनं बजावलं, या ॲपसाठी संगणकावरच्या आधीच्या दोनशे चौदा गोष्टी काढाव्या लागतील. खात्री असेल तर लिहा : 'हो, मी काय करतोय ते मला कळतंय.'

"काय म्हणतोय तो?" बायकोनं, नुरजमालनं विचारलं.

"काही नाही, नेहमीचंच," म्हणत झामिरबेकनी अख्खं वाक्य एकही चूक न करता लिहिलं.

त्या दोनशे चौदांत पडद्यावरची सगळी चित्रं होती, खिडक्या होत्या, माउसचा बाणही होता. टीव्ही काळाठिक्कर पडला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"कोरियात रात्र झाली वाटतं," कालिपा मावशी म्हणाल्या.

"तिकडे नाही, मावशी. आपल्याकडे झालीय. यांनी केलीय," नुरजमाल म्हणाली.

तेवढ्यात नुरजमालचा फोन वाजला. "आई, सासूबाई बाळाला घेऊन कधीच्या उभ्या आहेत!" सालकिन म्हणाली.

"पाचच मिनिटं!" झामिरबेक ओरडले.

"मास्तर, तुम्ही बसा खटखट करत," नुरजमाल म्हणाली. " सालकिन, तू फोनवरच दाखव गं."

फोन हातोहात फिरू लागला. झामिरबेक सगळ्यांकडे पाठ करून संगणकावर एकेक गोष्ट परत आणत होते. मागे एकदम हशा पिकला.

"काय झालं?"

"बाळ शिंकलं!"

"परत शिंकलं तर सांगा."

तासाभरानं टीव्ही उजळला, ॲपही उघडलं. "लागलं!" म्हणत झामिरबेक वळले, तर खोली रिकामी. मंडळी पलीकडे जेवायला बसली होती.

टीव्हीवर जावई एरमेक दिसत होता. एकटाच, गळ्यात वायर अडकवलेली.

"लागलं का तुमच्याकडे, बाबा?"

"लागलं. पाळण्यात घातल्यावर रडलं का रे ते?"

"कुणास ठाऊक, बाबा. मी सकाळपासून इकडचा टीव्ही जोडतोय."

दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. चित्र अगदी स्वच्छ येत होतं.