मिराशी सर आणि खालच्या मजल्यावरच्या चपला

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा. एकाच दाराबाहेर कधी चप्पल दिसली नाही, ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मिराशी सरांचं दार. त्यांच्यासमोरचा फ्लॅट दुबईवाल्याचा, कायमचा बंद. त्यामुळे तो अख्खा मजला गाभाऱ्यासारखा स्वच्छ. मग सरांकडे येणाऱ्यांच्या चपला जायच्या कुठे? तर माझ्या दारात! मी बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर. येणाऱ्यानं दुसऱ्या मजल्यावर चपला काढायच्या आणि अनवाणी वर यायचं, हा सरांचा कायदा. केबलवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर सोसायटीचे चेअरमन असोत, कुणालाही सूट नाही. एकदा माझे सासरे आले तर दारातच थबकून म्हणाले, "काय हो जावईबापू, घरात काही कार्य आहे का?"

सर मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवायचे. मेंदूतल्या पेशी हा त्यांचा खास विषय. विषय कसला, व्यसनच म्हणा ना. मी एकदा वैतागून वर गेलो (अनवाणी!) आणि म्हटलं, "सर, हे चपलांचं काय नाटक आहे?"

"नाटक नाही परब, निसर्ग आहे," सर म्हणाले. "पेशीचं पहिलं तत्त्व काय? सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. हा फरक आहे तोवर पेशी जिवंत. माझी चप्पल म्हणजे पोटॅशियम. ती आत, कपाटात, कुलपात. तुमच्या सगळ्यांच्या चपला म्हणजे सोडियम. त्या बाहेर."

"पण माझ्या दारात का?"

"कारण तुम्ही माझ्या पेशीच्या बाहेर आहात."

तेवढ्यात आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. देवगडकडच्या, ठेंगण्या, गोऱ्या, आणि नवऱ्याची टर उडवण्यात पटाईत. "परबांनू, चाय घ्या," त्या म्हणाल्या, "नायतर ते आता रिसेप्टर काढतील."

आणि सरांनी रिसेप्टर काढलाच. चहाचा कप हातात देऊन म्हणाले, "चहानं तरतरी येत नाही हं. मेंदूत झोपेचं एक कुलूप असतं, तोच रिसेप्टर. त्यात झोपेची किल्ली फिरली की तुम्ही पेंगायला लागता. चहातलं कॅफिन काय करतं? त्या कुलपात खोटी किल्ली घालून बसतं. ती फिरत नाही, पण खऱ्या किल्लीला शिरू देत नाही."

मी न्हावा शेवाला क्लिअरिंग एजंटकडे कामाला. दिवसभर गेट, पास, सील, कंटेनर. म्हणून सरांचा माझ्यावर विशेष लोभ. "तुमचं बंदर आणि माझा न्यूरॉन सेम," ते म्हणायचे. "योग्य कागद दाखवला की गेट उघडणार, गाड्या आत शिरणार, आणि गेट लगेच बंद. उघडं राहिलं की खलास." जगातल्या कुठल्याही भानगडीवर त्यांचा एकच प्रश्न असायचा: "यात गेट कुठंय, ते सांगा आधी." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून हमरीतुमरी चाललेली असायची आणि सर मागून शांतपणे विचारायचे, "पण यात गेट कुठंय?" चेअरमन कपाळाला हात लावायचे. वॉचमन तिवारीला तर त्यांनी इतकं शिकवलं होतं की पाहुणा आला की तो खालून ओरडायचा, "मिराशी साब, एक सोडियम आया है!"

एकदा माझी बायको सुनीता त्यांच्याकडे माझं गाऱ्हाणं घेऊन गेली. मी म्हणे तिचं काही ऐकत नाही. सर म्हणाले, "वहिनी, त्यांचा दोष नाही. एकच किल्ली सारखी सारखी लावली की पेशी कुलपंच आत ओढून घेते. रिसेप्टर कमी होतात. तुम्ही आवाज वाढवलात तर अजून कमी होतील. दोन दिवस गप्प बसा, कुलपं आपोआप वर येतील." सुनीता खरंच गप्प बसली. दोन दिवस! माझी अशी तंतरली की मी न सांगता गिरणीतून दळण आणलं, पंखे पुसले आणि तिच्या भावाला फोनसुद्धा केला. तेव्हापासून सुनीता सरांना देव मानायची.

एवढं सगळं असलं तरी बिल्डिंगमध्ये सरांबद्दल कुजबुज होती. काकूंना ते एकटं कुठे सोडत नसत. हळदीकुंकवाला काकू आल्या की सर बाहेर जिन्यात पेपर वाचत बसलेले. काकू गच्चीवर वाळवण घालायला निघाल्या की सर मागे हजर. दुपारी काकूंच्या झोपेच्या वेळी कुणी बेल वाजवली तर सर असे काही बघायचे की माणूस जिना उतरूनच श्वास घ्यायचा. "बायकोला पिंजऱ्यात ठेवलंय मेल्यानं," तळमजल्यावरच्या राणेबाई म्हणायच्या. आणि काकू? त्या आपल्या हसायच्या.

तो रविवार होता. दुपारी टीव्हीवर मॅच चाललेली. जिन्यात धाडधाड पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं, तर समोर मिराशी सर. अनवाणी, बनियनवर. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकले, माझी एक कोल्हापुरी उचलली आणि जसे आले तसे वर धावत सुटले.

"अहो सर! माझी चप्पल!"

मला आधी हसूच आलं. म्हटलं, गेलं, पोटॅशियम संपलं वाटतं. मी एका पायात चप्पल घालून त्यांच्या मागे गेलो. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये काकू जमिनीवर होत्या. सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. तोंडाला फेस आलेला. सरांनी सगळं जिथल्या तिथं केलेलं होतं: कुशीवर वळवलेलं, डोक्याखाली उशी, टेबल लांब सरकवलेलं, शेजारी मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. आणि ते स्वतः गुडघ्यावर बसून, माझी चप्पल काकूंच्या नाकाला लावून, रडवेल्या आवाजात म्हणत होते, "हुंग गं, शालू. हुंग. हुंग ना गं."

मी तसाच मागे फिरलो, रिक्षा आणायला तिवारीला पिटाळलं आणि परत वर आलो. तोवर झटके थांबले होते. काकूंचे डोळे अर्धवट उघडले होते आणि नजर नाकासमोरच्या चपलेवर होती. सरांनी ती झटकन पाठीमागे लपवली.

हॉस्पिटलात काकूंना सलाइन लावलं आणि डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. मग सर बाकावर माझ्या शेजारी बसून बोलायला लागले. काकूंना लहानपणापासून फिट यायच्या. गावाला जत्रेत एकदा पडल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा भोवती अर्धा गाव, आणि नाकाला कुणाची तरी शेणानं बरबटलेली वहाण. मग शाळेत तेच, नातेवाइकांच्या लग्नात तेच. पोरं मागून चप्पल दाखवून चिडवायची.

"बघायला गेलो तेव्हा तिनंच सांगितलं मला," सर म्हणाले. "म्हणाली, मला फिट येते. नको असेन तर आत्ता सांगा. पण हवी असेन तर माझं एवढंच मागणं आहे, माझ्या नाकाला पुन्हा कुणी चप्पल लावता कामा नये. मी म्हटलं, माझ्या घरात तुला चप्पल दिसणारसुद्धा नाही."

तो सोडियम, ते पोटॅशियम, ते कपाटाचं कुलूप, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"फिट म्हणजे काय हो परब?" ते माझ्याकडे न बघताच बोलत होते. "तुमच्या बंदराची सगळी गेटं एकदम उघडली आणि एकूण एक ट्रेलर आत घुसले, तसं. तिची गोळी काय करते? एकदा मिटलेलं गेट जरा जास्त वेळ मिटलेलं ठेवते. दोन दिवस ताप होता, गोळी पोटात टिकत नव्हती. आणि फिट थांबते ती आपली आपण. पेशी दमतात, गेटं मिटतात. चपलेनं काही होत नाही. चामड्याच्या वासाचा आणि त्या गेटांचा काडीचा संबंध नाही. हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगतो."

मग त्यांनी चष्मा काढला.

"पण आज ती थांबेचना हो. मी घड्याळाकडे बघतोय, तिच्याकडे बघतोय. मला सगळं ठाऊक होतं आणि हातात काही नव्हतं. माझ्या चपलेच्या कपाटाची किल्लीसुद्धा सापडेना. मग तुमच्या दारातली आठवली."

चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तिनं पाहिली का हो?"

मी मान खाली घातली. त्यांना काय समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. सुनीता आणि मी भेटायला गेलो. सर कोपऱ्यात उभे होते, मार खाल्लेल्या पोरासारखे. काकूंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "परबांनू, तुमची होती ना ती? मेली लावली ती लावली, निदान स्वतःची तरी लावायची! दुसऱ्याची कशाला?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. काकूंनी हात पुढे केला आणि त्यांचा हात धरून ठेवला. "घाबरलात, म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्या आयेनंपण घाबरूनच लावली होती. आता कळता मला."

काकूंनी माफ केलं, पण सरांनी स्वतःला केलं नाही. मीटिंगमध्ये पुन्हा पाण्यावरून भांडण झालं, आम्ही सगळे मागे वळून बघत राहिलो, पण गेट कुठंय हे कुणी विचारलंच नाही. तिवारी एकदा हौसेनं "सोडियम आया है" ओरडला, तर सरांनी वरून नुसता हात केला. काकू मला म्हणायच्या, "त्यांका जरा बोलता करा हो. घर कसा गप्प गप्प झालाय." मी मुद्दाम जाऊन चहाचं, झोपेचं, किल्लीचं विचारायचो. सर म्हणायचे, "पुस्तकात आहे सगळं." चपलांचा कायदा मात्र होता तसाच राहिला. उलट कुलपं दोन झाली.

काकू पुढे दोनेक वर्षांनी गेल्या. फिटनं नाही, न्यूमोनियानं. बारा-तेरा दिवस घरात माणसं होती, तोवर माझ्या दारातला ढीग जिन्यापर्यंत गेला होता. मग एकेक करून सगळे गेले.

त्यानंतर एका संध्याकाळी सुनीतानं सरांसाठी डब्यातून आमटी दिली. मी सवयीनं दारातच चप्पल सोडून वर गेलो. वर पोचलो आणि थबकलोच. त्या स्वच्छ मजल्यावर, सरांच्या दाराबाहेर, त्यांची चप्पल होती. साधी, झिजलेली, टाचेला शिवलेली. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा पाहत होतो.

बेल वाजवली. सरांनी दार उघडलं, डबा घेतला आणि माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"अहो परब," ते म्हणाले, "चप्पल वर आणा की. आता चालतं."

मी खाली गेलो, माझी चप्पल हातात घेऊन आलो आणि त्यांच्या चपलेशेजारी ठेवली.