रोजचे मारोतराव

आपल्याच लग्नात खुशीनं मारोतरावांना मंडपवाला समजून खुर्च्या उचलायला सांगितलं होतं. मारोतराव म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान, घराण्याचे थोरले जावई, दिग्रसच्या कापूस बाजारातले दलाल. ते न जेवता उठले आणि त्यांच्या रुसव्यात आत्याबाईंचं माहेरही सुटलं.

आता खुशीच्या नणंदेचं लग्न दारव्ह्यात घरासमोरच होतं. सासूबाई भागीरथानं सुनेला बजावलं, "यंदा ते रुसले तं माह्या नणंदेचं तोंड मले जन्मात दिसत नाही. ध्यानात ठेव."

खुशी नर्सिंगला औषधांची नावं मोबाइलवरच्या एका ॲपनं पाठ करून पास झाली होती. तिनं सासरचे सगळे पाहुणे त्यात भरले. समोर फोटो, बोट टेकवलं की मागे नाव. ओळखून "सोपं" दाबलं की तो पाहुणा आठवड्यानं भेटणार, मग महिन्यानं, मग त्याहून उशिरा. "विसरले" दाबलं की उद्या पुन्हा हजर. असा मास्तर तिला शाळेतही मिळाला नव्हता. न रागावता, न कंटाळता तो नेमकं कच्चं तेवढंच विचारायचा. धाकटे जावई उकंडराव गालावरच्या चामखिळीमुळे पहिल्याच दिवशी पक्के झाले. मारोतराव मात्र एका फोटोत फेट्यात, दुसऱ्यात गॉगलात. रोज चुकायचे, म्हणून रोज यायचे.

लग्नाच्या दिवशी खुशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तर आहेराच्या टेबलावर ॲप उघडंच राहिलेला तिचा मोबाइल एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ न्याहाळत उभे.

"कोन हो तुम्ही? मोबाइल काहून..."

गृहस्थांनी मोबाइल तिच्याकडे फिरवला. "माहा फोटो तुह्या मोबाइलात काहून?"

पडद्यावर फेट्यातले मारोतराव होते. तेवढ्यात भागीरथा धावली.

"भाऊजी, रोज सकाळी उठली की पहिले तुमचाच फोटो पाह्यते माही सून. मंग चहा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मारोतरावांनी फोटो पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, "आन उकंडाचा?"

"त्यायचा तीन-चार महिन्यानं येते, मामाजी," खुशीनं खरं ते सांगितलं.

मारोतराव खुर्चीत टेकले. "बोंडअळीनं कापूस खाल्ला तवापासून बाजारात मले कोनी रामराम घालत नाही, पोरी. ज्यायचा कापूस इकून देल्ला, ते तोंड फिरवून जातात. आन तू रोज पाह्यतं." खुशीनं वाकून नमस्कार केला, तो मात्र ॲपनं शिकवलेला नव्हता.

मारोतराव पोटभर जेवले. आत्याबाई आणि भागीरथा गळ्यात पडून रडल्या. निघताना मारोतराव म्हणाले, "नवा फोटो काढ वं. पांढऱ्या केसाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो समोर आला. आता तो चेहरा खुशी जन्मात विसरणार नव्हती. बोट "सोपं"कडे गेलं.

"ते दाबलं तं पुन्हा कवा येतीन?" मागून भागीरथानं विचारलं.

"लय दिवसांनी."

खुशीनं "विसरले" दाबलं आणि चहा ठेवायला गेली.