सगुणेचे कान

आबा खेरांच्या घोडीविषयी काही वावगं बोलायचं असेल, तर आधी आबांना तशी सूचना द्यावी लागे. मग ते ओटीवरून उठत, गोठ्यात जात, घोडीच्या दोन्ही कानांवर आपले तळवे घट्ट धरीत आणि म्हणत, "हं. आता बोल काय ते."

मला हा नियम ठाऊक नव्हता. रत्नागिरीच्या शाळेत मी भूगोलाचा मास्तर म्हणून नवाच आलो होतो आणि झाडगावात आबांच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं होतं. ओळख वाढावी म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, "घोडी जरा उतरलेली दिसते." आबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "तिनं तुला क्षमा केली आहे. चहा घे."

आबा एके काळी डाकेच्या टांग्यांवर देखरेख करीत. आंबा घाट चढून टपाल कोल्हापूरकडे नेणारे टांगे ते. मोटार आली आणि टांगे बसले. आबांनी पेन्शन घेतली आणि तिथलीच एक घोडी बरोबर आणली, ती ही सगुणा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. गोठ्यात एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला सगुणा, आणि मधल्या खाटेवर दुपारी आबा, असा संसार होता.

आता मुख्य गोष्ट. दर वर्षी शिमग्याच्या अगोदर आमच्या गावी शेतकी प्रदर्शन भरे. नारळ, सुपाऱ्या, बैल, सुरण, सगळं ठीक होतं. पण देशावरून बदलून आलेल्या कुणा साहेबानं त्यात घोड्यांची भर घातली. रत्नागिरीत घोड्यांचं प्रदर्शन म्हणजे सोलापुरात गलबतांची शर्यत. या कातळावर बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकतो, तिथे घोडा कोण पाळणार? पण साहेबानं वर्ग पाडले ते पुण्याच्या हिशेबानं: सवारीची जनावरं, टांग्याची जनावरं, देशी तट्टं, शिंगरासह घोडी. परिणाम असा, की जनावरं कमी आणि वर्ग जास्त.

त्यात दोन नियम. एक जनावर एकाच वर्गात उभं राहायचं. आणि वर्गात निदान दोन जनावरं असल्याशिवाय कुणालाच नंबर द्यायचा नाही. पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला पिवळी.

दिवाळी झाली, की आबांना वर्गाचा ध्यास लागे. "घोडी कशीही असो मास्तर, वर्ग चुकला की जन्म चुकला," हे त्यांचं ब्रीद. मला बरोबर घेऊन ते गावातल्या एकेका घोडेवाल्याकडे जात. पान खात, हवापाण्याचं बोलत आणि उठता उठता सहज विचारत, "यंदा कुठल्या वर्गात?" घरी आल्यावर ओटीवर चिंचोके मांडून बसत. हा चिंचोका डॉक्टरांची घोडी, हा इनामदारांचा घोडा, हा हसन टांगेवाल्याचा बादशहा. रात्री जेवायला हाक मारली तरी हलत नसत. एखादा सेनापतीही लढाईचा इतका विचार करीत नसेल.

आणि एवढा विचार करून ते हमखास असा वर्ग निवडीत, की जिथे सगुणेला दुसऱ्या जागेखेरीज गत्यंतरच नसे. एका वर्षी तर त्यांनी तिला 'शिंगरासह घोडी' या वर्गात उभं केलं. तिथे डॉक्टरांची घोडी आपल्या गोजिरवाण्या शिंगराला चाटत उभी, आणि शेजारी आमची सगुणा, एकटी. परीक्षकांनी विचारलं, शिंगरू कुठे आहे? आबा शांतपणे म्हणाले, "होईल." सगुणेचं वय पाहता हे उत्तर धाडसाचं होतं.

मिळालेल्या पिवळ्या फिती ते जपून ठेवीत आणि पावसाळ्यात पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दगड बांधायला वापरीत. त्यांच्या मांडवाखालून जाताना सगुणेचा सारा पराभव डोक्यावर लोंबकळे.

मला त्यांची कीव आली. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आपण सगळ्या जगाची वाट जाणतो असं वाटू लागतं, तसं माझं झालं होतं. मी ठरवलं, यंदा आबांना निळी फीत मिळवून द्यायचीच.

त्या वर्षी आबांनी पुष्कळ चिंचोके हलवून टांग्याचा वर्ग नक्की केला आणि प्रदर्शनाच्या कचेरीत नाव सांगायला मला पाठवलं. टांग्याच्या वर्गात हसनचा बादशहा होता. सगुणा त्याच्यापुढे कुठली टिकते? मी जाऊन तिचं नाव सवारीच्या वर्गात सांगितलं. तिथे इनामदारांचा घोडा यंदा नव्हता, वर्ग रिकामा होता. दुसरं जनावर हवं म्हणून मी पूर्णगडला गेलो आणि तिथल्या एका खोतांचं तट्टू मागून आणलं. ते तट्टू असं होतं, की त्याच्या शेजारी उभं केलं तर मीही देखणा दिसलो असतो. भाट्याच्या खाडीवर तरीतून आणताना ते शांत उभं होतं. उलट्या मला झाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी आबा सगुणेला आपल्या छकड्याला जुंपून ऐटीत मैदानावर आले. एवढ्यात सवारीच्या वर्गाला तिचं नाव पुकारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कचेरीत काही घोटाळा झाला असेल. आता बसा चटकन." गोंधळात त्यांनी तिला छकड्यातून सोडलं, मी कुणाचं तरी खोगीर चढवलं आणि आबा बसले.

आणि काय सांगू! सगुणा चालली. मान उचलून, शेपटी झुलवीत, डाकेची घंटा अजून गळ्यात असावी तशी चालली. पूर्णगडचं तट्टू मध्येच थांबून साहेबांच्या तंबूचा दोर खाऊ लागलं. परीक्षकांनी निळी फीत सगुणेच्या कपाळाला बांधली. आबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. ते तिच्या मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवीत होते. मी मनातल्या मनात माझा सत्कार उरकून घेतला.

मग टांग्याचा वर्ग पुकारला. हसन आपला टांगा घेऊन पुढे आला. पितळ घासलेलं, बादशहाच्या आयाळीला तेल लावलेलं. मैदानात तो एकटाच. परीक्षकांनी घड्याळ काढलं, अजून थोडं थांबू म्हणाले.

आबा म्हणाले, "मास्तर, तो एकटा उभा आहे."

मी म्हटलं, "असू दे की."

"एकट्याला नंबर नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मांडवीच्या धक्क्यावर बोट लागते तेव्हा किती मोटारी उभ्या असतात पाहिल्यास? मुंबईची माणसं उतरतात, ती निळी फीत बघून हसनच्या टांग्यात बसतात. फीत नसली तर तोही टांगा बसला."

आत्ता माझ्या टाळक्यात उजेड पडला. डॉक्टरांची घोडी त्या वर्षी शिंगरासह एकटीच होती. त्याच्या आदल्या वर्षी इनामदारांचा घोडा एकटा होता. आबा चिंचोके मांडून आपल्याला जिंकायचा वर्ग शोधीत नव्हते. जिथे कुणी एकटं पडतंय, तो वर्ग शोधीत होते.

सगुणा आता दुसऱ्या वर्गात जाऊ शकत नव्हती. एक जनावर, एक वर्ग. मी चाचरत म्हटलं, पूर्णगडचं तट्टू जुंपू का? पण तेही तिच्याच वर्गात उभं राहून चुकलं होतं, शिवाय ते अजून दोर खात होतं.

आबा सगुणेला घेऊन परीक्षकांपुढे गेले. तिच्या दोन्ही कानांवर त्यांनी तळवे ठेवले. नेहमीपेक्षा जास्त घट्ट. मग म्हणाले, "साहेब, ही घोडी सवारीची नव्हे. नाव चुकून पडलं. हिला चाल नाही, पाठ बसकी आहे, आज चालली ते नशीब. खोतांच्या तट्टावर अन्याय झाला. फीत त्याला द्यावी आणि हिला हिच्या वर्गात जाऊ द्यावं."

परीक्षकांनी असा मालक जन्मात पाहिला नसावा. ते एकमेकांत कुजबुजले आणि ठरलं, की सवारीच्या वर्गात दोन जनावरं उभी राहून झाली आहेत, तेव्हा नियम पाळला गेला. निळी फीत सुटली आणि पूर्णगडच्या तट्टाच्या कपाळावर गेली. आबांनी सगुणेला छकड्याला जुंपलं आणि हसनच्या शेजारी नेऊन उभं केलं. हसननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, ही फीत घेऊ कशी?" आबा म्हणाले, "समोर बघ. लगाम आवर." थोड्या वेळानं बादशहाला निळी फीत मिळाली, आणि सगुणेला तिची नेहमीची पिवळी.

ते तट्टू मी परत नेलं तेव्हा पूर्णगडच्या खोतांनी त्याची फितीसकट गावातून मिरवणूक काढली. पुढे वर्षभर ते मला भेटतील तिथे अश्वपरीक्षेवर व्याख्यान देत. मी ऐकून घेत असे. माझं प्रायश्चित्तच होतं ते.

पण प्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्याशी गेलो, तेव्हा आबा सगुणेपुढे कुळथाचं घमेलं ठेवून बसले होते. मी खाटेच्या टोकाला टेकलो. मग मी विचारलं, एकट्या पडलेल्याच्या शेजारी उभं राहायचं हे वेड कुठून लागलं?

"डाकेचे टांगे बंद झाले ना, तेव्हा घोड्यांचा लिलाव झाला. घाटाच्या पायथ्याला ओळीनं उभी केली होती. एकेक करून गेली सगळी." ते सगुणेकडे बघत होते. "ही राहिली. कुणी हात लावून बघेना. मीही तिथेच उभा होतो, माझंही काम संपलेलं. दोघंच उरलो."

सगुणा कुळीथ खात होती.

"मास्तर," आबा हळूच म्हणाले, "ती सवारीच्या वर्गात चालली, तेव्हा खरंच चांगली चालली का रे? मला वरून दिसत नव्हतं."

सवयीनं त्यांचे हात तिच्या कानांकडे गेले. मी म्हटलं, "आबा, अशी चाल मी पाहिली नाही."

त्यांनी हात खाली घेतले.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले.